बहारातलं नाव

आंबिया बहार फुटला, की मोसंबीचा वास दुपारभर बागेतच रेंगाळतो आणि दिवेलागणीला घराकडे निघतो. अंगणातून ओसरीवर, दोरीवरच्या कपड्यांत, मग रात्री पांघरलेल्या गोधडीत. हा वास आला, की मला विजय झोल आठवतो.

२०१४ चा फेब्रुवारी. जालन्याचा विजय एकोणीस वर्षांखालील भारतीय संघाचा कर्णधार होऊन अमिरातीत विश्वचषक खेळत होता, आणि आम्ही टीव्हीचं तोंड ओसरीकडे वळवून ठेवलं होतं. बाग फुलली होती. किती दिवसांनी! २०१२ च्या ऑगस्टमध्ये विजय ज्या संघात होता त्याने ऑस्ट्रेलियात विश्वचषक जिंकला, तेव्हा इकडे आभाळ कोरडं होतं. पुढच्या उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर बागा जगवल्या. ज्यांना ते झेपलं नाही, त्यांच्या झाडांवर कुऱ्हाड पडली. काका रोज एकेका झाडाची साल नखाने खरवडून बघत. आत हिरवं दिसलं, की न बोलता पुढच्या झाडाकडे जात.

त्यांना क्रिकेट फारसं कळत नसे. पण २०११ मध्ये कूचबिहार करंडकात विजयने आसामविरुद्ध काढलेल्या नाबाद ४५१ धावा त्यांना मोंढ्यातल्या भावासारख्या पाठ होत्या. "चारशे एक्कावन्न, अन् आउट न्हाई," ते म्हणत, "आपल्या जालन्याचं पोरगं हाये." त्या ‘आपल्या’वर त्यांचा आवाज किंचित थांबायचा. दुष्काळ, टँकर, चारा छावण्या यांच्याच बातम्यांत ज्या जिल्ह्याचं नाव येई, ते नाव आता एका डावखुऱ्या पोराच्या बॅटमुळे कौतुकाने घेतलं जात होतं. वरिष्ठ भारतीय संघाची टोपी त्याला पुढे मिळाली नाही. आमच्याकडे त्यामुळे त्याचं काहीच उणं झालं नाही.

पुढे २०२२ मध्येही मला हे ‘आपलं’ आठवलं, मँचेस्टर सिटीचा युक्रेनी फुटबॉलपटू झिंचेंको प्रीमियर लीगच्या चषकावर युक्रेनचा झेंडा पांघरवून रडला तेव्हा. पुतण्याच्या मोबाइलवर ते बघताना माझं मन त्याच्या रादोमिश्ल या लहानशा गावी गेलं. तिथे, लढाईच्या त्या दिवसांत, कोण कोण टीव्हीपुढे बसलं असेल? त्यांच्यातही एखादे काका असतील.

२०१४ च्या त्या विश्वचषकात उपांत्यपूर्व फेरीत इंग्लंडने आपल्याला हरवलं. थोड्याच दिवसांत मराठवाडाभर गारपीट झाली. फुलं, ज्वारीच्या दाण्याएवढी फळं, फाटलेली पानं, सगळा सडा आळ्यांत पडला होता, आणि चिखलातूनही तोच गोड वास येत होता. बांधावर माणसं जमली. तलाठी पंचनाम्याला कधी येणार, विम्याचं काय, असं चाललेलं असताना कुणीतरी मध्येच विचारलं, "विजय आला का हो परत?"

"आला असंल," काका गारांनी सोललेल्या फांदीवरून हात फिरवत म्हणाले. "लई दिसांनी घरचं जेवला असंल."