मागच्या आसनावरचे शिरस्त्राण

हिशेबाची वही ठेवण्याची सवय मला माझ्या वडिलांकडून मिळाली. ते शिक्षक होते. आण्या-पैशाचाही हिशेब रात्री कंदिलाच्या उजेडात मांडल्याशिवाय ते झोपत नसत. पुढे मीही वर्धा जिल्ह्यातच शिक्षक झालो, निवृत्त झालो, परंतु वही सुटली नाही. या वहीत २०२३ सालच्या एका पानावर दोन नोंदी एकीखाली एक आहेत. 'मोटारसायकलचे जाकीट, रु. ७,४००.' 'सौ.साठी हेल्मेट, रु. ३५०.' आज मला त्या दोन ओळींविषयीच लिहावयाचे आहे.

निवृत्तीनंतर हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेस मोटारसायकलने जावे, अशी इच्छा माझ्या मनाने घेतली. वर्ध्याहून अहिल्यानगर जिल्ह्यातील हरेगाव सुमारे पाचशे किलोमीटर. नवा समृद्धी महामार्ग आमच्या जिल्ह्यातूनच जातो. परंतु डिसेंबर २०२२ मध्ये तो सुरू झाला तेव्हापासून त्यावर दुचाकीस प्रवेश नाही. तेव्हा आपला जुनाच रस्ता बरा: पुलगाव, कारंजा लाड, मेहकर, सिंदखेडराजा, जालना. मुलगा म्हणाला, "बाबा, या वयात?" सौ. म्हणाली, "जायचे असेल तर मीही येणार." आणि मी तयारीला लागलो.

तयारी म्हणजे मुख्यतः पोशाखाची. वर्ध्यात राहणाऱ्या माणसाला हवामानाचे तीन अवतार ठाऊक असतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल ट्रॅक्टरच्या चाकांनी डांबरी रस्त्यावर येतो आणि रस्ता साबणासारखा होतो. डिसेंबरच्या पहाटे तोच पारा १० अंशांच्या आसपास उतरतो. या तिन्ही ऋतूंना पुरे पडेल असे एकच जाकीट मी शोधत होतो. महिनाभर नागपूरची दुकाने पालथी घातल्यावर एवढेच कळले की, असे जाकीट कोणी शिवलेले नाही. जो दुकानदार 'बारमाही' म्हणून विकतो, त्याने बहुधा वर्ध्याचा मे पाहिलेला नसतो.

उन्हाळ्याचेच पाहा. वारा लागला की थंड वाटते, हा आपला सर्वांचा अनुभव. परंतु आपल्या त्वचेचे तापमान ३५ अंशांच्या आसपास असते. हवा त्याहून तप्त झाली की वारा शरीरातील उष्णता नेत नाही, उलट आणून टाकतो. मग शरीराला गारवा देणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे घामाचे वाळणे. बाह्या दुमडून, छातीची बटणे उघडी टाकून भर दुपारी गाडी हाकणाऱ्या तरुणाचा घाम त्याला कळण्याच्या आतच उडून जातो, आणि तासाभराने त्याला भोवळ येते. आमच्या खेड्यातला शेतकरी मात्र उन्हात पूर्ण बाह्यांचा सुती सदरा घालतो आणि कानांवरून दुपट्टा घट्ट बांधतो. त्याने शरीरशास्त्राचे पुस्तक वाचलेले नसते, पण लू त्याला ठाऊक असते.

त्याच्याकडूनच मी धडा घेतला. गांधीजी १९३४ साली वर्ध्यास आले आणि मगनवाडीत ग्रामोद्योग संघाचे काम सुरू झाले, तेव्हापासून खादी ही आमच्या गावाची ओळख आहे. पाण्यात भिजवून पिळलेला खादीचा सदरा आत आणि वर जाळीचे जाकीट, अशी रचना मी केली. ऊन ४० अंशांच्या पुढे गेले की जाकिटाची तोंडे अर्धी मिटून घ्यावयाची, म्हणजे सदरा सावकाश वाळतो आणि गारवा टिकतो. दर तासाला थांबून मीठ-साखरेचे पाणी प्यावयाचे, तहान लागली नसली तरीही.

हिवाळ्यात मात्र हीच खादी शत्रू ठरते. सुती कापड ओलावा धरून ठेवते आणि ओले अंग गारठते. १० अंशांच्या पहाटे ताशी ६० किलोमीटर वेगाने गेल्यास वाऱ्यामुळे उघड्या अंगाला ५ अंशांइतकी थंडी जाणवते. तेव्हा अंगालगत लोकर, वर जाकीट, आणि दोहोंच्या मध्ये वारा अडविणारे काही तरी हवे. माझ्या तरुणपणी आम्ही छातीवर वर्तमानपत्र ठेवीत असू. या त्रैमासिकाचे जुने अंकही त्या कामी उत्तम पडतात, हे संपादकांनी राग न मानता ऐकावे.

पावसासाठी दोन उपाय दुकानात मिळतात. एक, जाकिटाच्या आतून लावावयाचे जलरोधक अस्तर. दुसरा, सर्वांवरून चढवावयाचा रेनसूट. अस्तर सोयीचे वाटते, पण त्यात बाहेरचे जाकीट भिजून जड होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तेच ओले ओझे अंगावर चढवावे लागते. विदर्भाचा पाऊस न सांगता येतो हे खरे. तरी रस्त्याकडेला पाच मिनिटे थांबून रेनसूट चढविणे मला अधिक पटले. त्याची पँट बुटांच्या वरून खाली यावयास हवी, नाही तर सारे पाणी बुटात उतरते.

हा सारा विचार ऊन, पाऊस आणि थंडीचा झाला. जाकिटाचे खरे काम वेगळेच आहे, ते पडल्यावर सुरू होते. डांबरावर घासताना कापड किती टिकते, यावरून युरोपात या कपड्यांना प्रती देतात. सर्वांत टिकाऊ 'एएए', त्याखाली 'एए', मग 'ए'. कोपर, खांदा आणि गुडघ्याच्या जागी जी संरक्षक पॅडे असतात, त्यांच्याही दोन पातळ्या आहेत. ठरावीक आघात केला असता पहिल्या पातळीचे पॅड सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत जोर आत जाऊ देते, दुसऱ्या पातळीचे २० पर्यंत. पाठीच्या खिशात मात्र पुष्कळदा नुसता साधा फोम घातलेला असतो. तो हाताने काढून, त्यावर कसली मोहर आहे का ते पाहावे. मी हे सर्व पाहिले. पॅडे काढून उलटसुलट केली, शिवण मोजली, दुकानदाराला भंडावून सोडले. हातमोजेही घेतले, कारण माणूस पडताना आधी हात टेकतो. घोट्याच्या वर येणारे बूट घेतले. माझे हेल्मेट तर आधीपासूनच चांगले होते.

राहिले सौ.चे. "मला कशाला एवढे महागाचे? मी तर मागे बसणार," ती म्हणाली. मला ते पटले. खरे सांगावयाचे तर ते पटवून घेणे मला सोयीचे होते. परतीच्या वाटेवर रस्त्याकडेला ताडपत्रीवर हेल्मेटे मांडलेली होती. त्यांतले एक तिच्या डोक्यावर बसले, रंगही तिला आवडला. पाच मिनिटांत खरेदी आटोपली. आणि त्या रात्री मी वहीत ती दुसरी ओळ लिहिली.

ऑगस्ट महिन्यात, सवय व्हावी म्हणून, आम्ही आर्वीला एका नातलगाकडे निघालो. तिन्हीसांजेची वेळ, पाऊस नुकताच थांबलेला. आंजीच्या पुढे कपाशीच्या शेतातून एक रोही एकाएकी रस्त्यावर आला. वेग फार नव्हता, चाळीसच्या आसपास असेल. मी ब्रेक दाबला, चिखलावरून चाक सरकले आणि गाडी आडवी झाली.

मी उठून उभा राहिलो. जाकिटाच्या कोपरावर कापड फाटले होते, आत कातडीला ओरखडाही नव्हता. हातमोज्यांची तळवी घासली होती. हात जसेच्या तसे. महिनाभराची माझी निवड कसोटीस उतरली होती. मग मी मागे पाहिले. सौ. रस्त्याच्या खाली, शेताच्या बांधाशी पडलेली होती. तिचे हेल्मेट तिच्यापासून पंधरा-वीस पावलांवर नालीत होते. पट्टा जेथे कवचाला जोडलेला असतो तेथूनच निखळून आला होता. साडी, स्वेटर आणि पायांत चपला. मी हाक मारली, आणि तिने उत्तर देईपर्यंतचा तो काळ किती होता, हे मला आजही सांगता येत नाही.

तिचे खांद्याचे हाड मोडले, कपाळावर सात टाके पडले. डोके पावसाने भिजलेल्या मऊ मातीवर आपटले होते. दोन हात अलीकडे डांबर होते. तिला वाचविले ते कपाशीच्या त्या काळ्या मातीने. त्यात माझा काही वाटा नव्हता. दवाखान्यात तरुण डॉक्टरांनी माझ्याकडे, माझ्या जाकिटाकडे, हातमोज्यांकडे पाहिले आणि एवढेच विचारले, "आणि यांचे?"

त्या प्रश्नाचे उत्तर शोधत मी तिच्या उशाशी बसून बरेच वाचले. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून जगाला ठाऊक असलेले टी. ई. लॉरेन्स १९३५ सालच्या मे महिन्यात इंग्लंडमध्ये मोटारसायकलवरून पडले. सायकलवरील दोन मुलांना चुकविताना तोल गेला. डोक्यावर हेल्मेट नव्हते. सहा दिवसांनी ते वारले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. तो मृत्यू त्यांना स्वस्थ बसू देईना. त्यांनी अशा अपघातांचा अभ्यास केला, १९४१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि त्याच वर्षी ब्रिटिश सेनेने निरोप पोहोचविणाऱ्या आपल्या मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. एका माणसाचे मरण दुसऱ्या माणसाने मनाला लावून घेतले, म्हणून पुढे असंख्य माणसे वाचली.

हेल्मेटचे खरे काम बाहेरचे चकचकीत कवच एकटे करीत नाही, हेही तेव्हाच कळले. आत थर्मोकोलचा थर असतो. नाताळात गव्हाणीच्या देखाव्यासाठी आपण पूर्वी वापरत असू तोच, पण अधिक घट्ट. आघात होताच तो थर चिरडतो आणि चिरडण्यात जोर खर्ची पडतो, म्हणून मेंदूपर्यंत तो कमी पोहोचतो. एकदा चिरडलेला थर पुन्हा उभा राहत नाही. वरून ओरखडा दिसला नाही तरी मोठ्या आघातानंतर हेल्मेट बदलावेच लागते. रस्त्यावरून घेतलेल्या त्या हेल्मेटचे अस्तर मी फाडून पाहिले. आत पातळ स्पंज होता, दुसरे काहीही नव्हते.

कायद्याने तर मला कधीच सांगून ठेवले होते. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाचे कलम १२९ चालकाइतकेच मागे बसणाऱ्यासही लागू आहे. १ जून २०२१ पासून आयएसआय चिन्हाविना दुचाकीचे हेल्मेट विकण्यास बंदी आहे. खोटे चिन्ह छापणारेही असतात. म्हणून चिन्हाजवळचा परवाना क्रमांक 'बीआयएस केअर' या सरकारी ॲपवर तपासून पाहावा. मी मुलांना नागरिकशास्त्र शिकविले आहे!

पुढील उन्हाळ्यात, सौ.चा खांदा बरा झाल्यावर, आम्ही पुन्हा नागपूरला गेलो. या वेळी क्रम उलटा होता. आधी तिचे हेल्मेट. डोक्याचा घेर फीतीने मोजला. गाल किंचित दाबले जातील इतके घट्ट घेतले. पट्टा बांधून मी मागून ते वर ओढून पाहिले, निघाले नाही. तिने मान जोराने हलविली, हेल्मेट मानेबरोबरच हलले. मग तिचे हातमोजे, घोटा झाकणारे बूट, आणि सलवार-कुडत्यावर घालता येईल असे पॅडांचे जाकीट. "साडीचे काय?" मी विचारले. "साडी पिशवीत राहील, यात्रेत नेसेन," ती म्हणाली. वहीतल्या नव्या पानावर तिच्या नावापुढे माझ्याहून मोठी रक्कम लिहिली, तेव्हा प्रथमच हिशेब जुळल्यासारखा वाटला.

२०२४ च्या सप्टेंबरमध्ये आम्ही हरेगावला पोहोचलो. मेहकरच्या अलीकडे पावसाने झोडपले; रेनसूटने आपले काम केले. जालन्यास मुक्काम केला. सौ.ने साडी नेसून मेणबत्ती लावली. माझ्या एका हातात तिचे हेल्मेट होते, दुसऱ्यात माझे. गर्दीत ते सांभाळणे अवघड जात होते, पण खाली ठेववेना.

आता रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात उभ्या असलेल्या मोटारसायकलींकडे माझे लक्ष आपोआप जाते. एकेका गाडीवर दोघे, कधी मध्ये लेकरू धरून तिघे येतात. आरशावर बहुधा एकच हेल्मेट अडकविलेले असते. ते कोणाचे, हे विचारावे लागत नाही. मी जवळ जातो, नमस्कार करतो, आणि आमची ती ३५० रुपयांची ओळ सांगतो. काही जण हसून निघून जातात. गेल्या महिन्यात एका तरुण जोडप्याच्या गाडीवर दोन हेल्मेटे दिसली. नवऱ्याने लांबूनच दोन बोटे उंचावून मला दाखविली.