पांढऱ्या पेशी : वाटेवरच्या आणि पेवातल्या

पावसाळ्याच्या अखेरीस डेंग्यूची साथ पसरली की ‘पेशी कमी झाल्या’ हे शब्द महाराष्ट्रातल्या घराघरांत ऐकू येऊ लागतात, आणि त्या पेशी बहुतेक वेळा प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या बिंबिका असल्या, तरी बोलण्यात त्यांना सर्रास ‘पांढऱ्या पेशी’ म्हटले जाते. या एका शब्दाच्या घोटाळ्यातून दोन उलटसुलट चुका घडतात. एकीकडे डेंग्यूतून उठणारा धडधाकट तरुण रिपोर्टवरचा २,८०० हा आकडा पाहून घाबराघुबरा होतो. दुसरीकडे केमोथेरपी घेऊन गावी परतलेल्या रुग्णाला दहाव्या दिवशी ताप भरतो तेव्हा ‘उपचारांनी अंगात उष्णता झाली असेल’ अशी समजूत करून घेऊन घरचे लोक सकाळची वाट पाहत बसतात. पहिल्या माणसाची भीती अनाठायी असते आणि दुसऱ्याची निश्चिंती जीवघेणी ठरू शकते, म्हणून पांढऱ्या पेशी कमी होणे म्हणजे नेमके काय, आणि त्यातून जंतुसंसर्गाचा धोका केव्हा उद्भवतो व केव्हा उद्भवत नाही, हे नीट उलगडून पाहणे गरजेचे आहे.

निरोगी प्रौढाच्या रक्तात दर घनमिलिमीटरला साधारण ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी असतात, परंतु हा समूह एकजिनसी नाही. पाउल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काचपट्टीवर पसरलेले रक्त कृत्रिम रंगांनी रंगवले, तेव्हा काही पेशींतले कण आम्लधर्मी रंग घेतात, काहींतले अल्कधर्मी, आणि सर्वांत मोठ्या गटातले कण या दोहोंच्या मिश्रणातून बनलेला उदासीन रंग घेतात असे त्याला दिसले. त्या गटाचे ‘न्यूट्रोफिल’ हे नाव त्यावरूनच पडले. जीवाणू आणि बुरशी यांना गिळून मारण्याचे काम मुख्यतः या न्यूट्रोफिलांचे असते. ‘लिम्फोसाइट’ या दुसऱ्या मोठ्या गटाचे काम निराळे असते: काही लिम्फोसाइट प्रतिपिंडांची निर्मिती घडवून आणतात, काही विषाणूंनी ग्रासलेल्या पेशी हेरून नष्ट करतात. म्हणूनच एचआयव्हीच्या संसर्गात सीडी-४ जातीच्या लिम्फोसाइटांची संख्या २००च्या खाली उतरली की न्यूमोसिस्टिससारखे विशिष्ट संसर्ग डोके वर काढतात, तर न्यूट्रोफिल संपले की आतड्यातले नेहमीचे जीवाणू काही तासांत रक्तात पसरू शकतात. ‘प्रतिकारशक्ती कमी झाली’ हा सरसकट शब्दप्रयोग या दोन अगदी वेगळ्या संकटांना एकाच पोत्यात भरतो, आणि तो जितका कमी वापरला जाईल तितके बरे.

न्यूट्रोफिलांचा जन्म अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या पोकळीतल्या मऊ गरात होतो. प्रौढ माणसाची मज्जा रोज सुमारे १०,००० कोटी न्यूट्रोफिल तयार करते, आणि एक पेशी पक्व होऊन बाहेर पडायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. रक्तातला तिचा मुक्काम मात्र काही तासांचाच असतो, कारण रक्त हे तिचे घर नसून वाट आहे आणि तिला जायचे असते ते ऊतींमध्ये. शिवाय रक्तवाहिन्यांमधल्या न्यूट्रोफिलांपैकी जवळजवळ निम्मे भिंतींना चिकटून असतात आणि सुईने काढलेल्या नमुन्यात येतच नाहीत. धावपळ केली, ताण आला किंवा स्टेरॉइड घेतले की ते भिंत सोडतात आणि मज्जेने काहीही नवे न घडवता आकडा फुगतो. खरा साठा मज्जेतच असतो, आणि रक्तातल्या पेशींच्या कितीतरी पट पक्व न्यूट्रोफिल तेथे राखीव असतात. जुन्या काळी शेतकऱ्याचे धान्य अंगणातल्या पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात साठवलेले असे, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या मोजून पेवात किती धान्य आहे हे कोणाला सांगता आले नसते. रक्ततपासणी फक्त गाड्या मोजते. पांढऱ्या पेशींच्या आकड्याविषयीचे बहुतेक गैरसमज ही एक गोष्ट ध्यानात न घेतल्यामुळे निर्माण होतात.

त्या गाड्यासुद्धा नीट मोजाव्या लागतात. सीबीसीच्या रिपोर्टवर पांढऱ्या पेशींची एकूण संख्या, म्हणजे ‘टोटल काउंट’, ठळक छापलेली असते आणि नजर तिथेच अडते. संसर्गाचा धोका ठरवायला मात्र ती पुरेशी नसते. एकूण संख्येला न्यूट्रोफिलांच्या टक्केवारीने गुणून शंभराने भागले की न्यूट्रोफिलांची निरपेक्ष संख्या मिळते. एकूण संख्या ३,२०० आणि न्यूट्रोफिल ६० टक्के असतील तर ही संख्या १,९२० येते आणि तिच्यात काळजीचे काही नसते. उलट एकूण संख्या ४,५०० म्हणजे ‘नॉर्मल’ असून न्यूट्रोफिल ८ टक्केच असतील तर संख्या अवघी ३६० भरते आणि तो माणूस गंभीर धोक्याच्या रेषेखाली असतो. १,५०० च्या खालची संख्या ही न्यूट्रोफिलांची कमतरता, म्हणजे ‘न्यूट्रोपेनिया’, समजली जाते. १,००० पर्यंत ती सौम्य, ५०० पर्यंत मध्यम आणि त्याखाली तीव्र मानतात.

हे सारे आकडे मात्र पेवाची स्थिती माहीत असेल तरच बोलू लागतात. डेंग्यूत पांढऱ्या पेशी बहुधा प्लेटलेट्सच्या आधी उतरतात, आणि विषाणू ओसरला की त्या आपोआप सावरतात. टायफॉइडमध्येही इतर जीवाणूंच्या संसर्गांप्रमाणे संख्या न वाढता अनेकदा ती घटते. या उताराने सहसा नवे जीवाणूजन्य संसर्ग ओढवत नाहीत, कारण मज्जा काही दिवस मंदावली तरी उजाड झालेली नसते. म्हणून डेंग्यूत केवळ पांढऱ्या पेशी वाढाव्यात यासाठी इंजेक्शनाचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. आफ्रिकी वंशाच्या आणि अरब व येमेनी समाजांतल्या अनेक माणसांच्या न्यूट्रोफिलांची संख्या तर जन्मभर कमी राहते आणि तरी त्यांना संसर्ग अधिक होत नाहीत; तांबड्या पेशींवरचा ‘डफी’ नावाचा रेणू त्यांच्यात नसतो आणि ही कमी संख्या त्याच्याशी निगडित आहे. व्हायव्हॅक्स मलेरियाचा परजीवी तांबड्या पेशीत शिरायला हाच रेणू वापरतो, त्यामुळे त्याच्या अभावाने या लोकांना मलेरियाच्या त्या प्रकारापासून संरक्षण मिळाले. युरोपीय लोकांवरून ठरवलेल्या ‘नॉर्मल’ रेषेने त्यांना दीर्घकाळ रोगी ठरवले आणि काहींना आवश्यक औषधेही नाकारली, ही वैद्यकाच्या इतिहासातली दुःखद बाब आहे. आपल्याकडे वारंवार दिसणारे आणखी एक कारण म्हणजे बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव, जिच्यात मज्जा पेशींनी गच्च भरलेली असते, पण त्या पेशी नीट पिकत नाहीत आणि बाहेर पडण्याआधीच मरतात. तिच्यावरचा उपचार सोपा आणि स्वस्त आहे.

पेव खरोखर रिकामे होते ते केमोथेरपीने, मज्जेच्या रोगांनी आणि काही औषधांच्या विपरीत परिणामाने. केमोथेरपी वेगाने विभागणाऱ्या पेशींना मारते, त्यात मज्जेतल्या अपक्व पेशीही सापडतात; आधी तयार झालेला साठा काही दिवस पुरतो, मग संख्या उतरू लागते, अनेक औषधांच्या बाबतीत सातव्या ते चौदाव्या दिवसांदरम्यान तळ गाठते आणि तिसऱ्या आठवड्यात सावरते. अनेक कर्करोगांत डोस तीन आठवड्यांच्या अंतराने दिले जातात त्याचे एक मोठे कारण हेच आहे. १९६६ साली जेराल्ड बोडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीव्र रक्तकर्करोगाच्या रुग्णांवरील अभ्यासातून हा धोका प्रथमच आकड्यांत मांडला, आणि त्या निबंधाच्या चार लेखकांत वाय. एस. साठे हे मराठी वाचकाला ओळखीचे वाटावे असे नाव आहे. न्यूट्रोफिल १,००० च्या खाली गेले की संसर्ग वाढू लागतात, १०० च्या खाली ते सर्वाधिक होतात, आणि संख्या किती उतरली याइतकेच ती किती दिवस तळाला राहिली हेही निर्णायक असते, असे त्यांनी दाखवले. स्तनाच्या कर्करोगाच्या नेहमीच्या उपचारांत हा तळ काही दिवसांचा असतो, तर तीव्र रक्तकर्करोगाच्या पहिल्या उपचारात तो तीन-चार आठवडे लांबू शकतो, आणि बुरशीचे संसर्ग प्रामुख्याने अशा दीर्घ काळातच गाठतात.

औषधांच्या विपरीत परिणामाविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण तो कर्करोगाशी संबंध नसलेल्या माणसांनाही गाठतो. १९२२ मध्ये बर्लिनच्या वेर्नर शुल्त्स यांनी घशात काळपट व्रण, तीव्र ताप आणि रक्तातून कणयुक्त पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीशा झालेल्या रुग्णांचे वर्णन केले, आणि पुढच्या दशकात अशा अनेक आजारांचे मूळ अमिडोपायरिन या त्या काळी सर्रास घेतल्या जाणाऱ्या वेदनाशामकात सापडले. आज तेच चित्र थायरॉइडच्या अतिस्रावावर दिल्या जाणाऱ्या कार्बिमॅझोलने क्वचित, पण अचानक उभे राहते. म्हणून ही गोळी घेणाऱ्याला घसा दुखून ताप आला तर गोळी थांबवून त्याच दिवशी रक्त तपासावे लागते, हे गोळी लिहून देतानाच सांगितले गेले पाहिजे. संधिवाताच्या रुग्णांना दिले जाणारे मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ते गैरसमजाने रोज घेतले गेल्यामुळे तोंड सोलून निघालेले आणि सर्व पेशी उतरलेले रुग्ण रुग्णालयांत येतात. हा अपघात शंभर टक्के टाळता येण्याजोगा आहे, आणि चिठ्ठीवर वाराचे नाव मराठीत ठळक लिहिण्याइतके त्याचे निवारण साधे आहे. ॲझाथायोप्रिन या औषधाच्या बाबतीत तर धोका जनुकांतच दडलेला असतो: एनयूडीटी-१५ या जनुकाचे एक रूप भारतीय आणि पूर्व आशियाई लोकांत युरोपीयांपेक्षा बरेच अधिक आढळते आणि ते बाळगणाऱ्यांत नेहमीच्या मात्रेनेही पांढऱ्या पेशी कोसळू शकतात.

आता या स्थितीतल्या सर्वांत फसव्या गोष्टीकडे वळले पाहिजे. जखम लाल होणे, सुजणे, तिच्यात पू धरणे या ज्या खुणांवरून माणूस पिढ्यान्‌पिढ्या संसर्ग ओळखत आला, त्या प्रामुख्याने न्यूट्रोफिलांच्या हालचालीच्या खुणा आहेत, आणि पू म्हणजे तर मुख्यतः मेलेल्या न्यूट्रोफिलांचाच ढीग असतो. न्यूट्रोफिलच नसले की गळू पिकत नाही, न्यूमोनिया झालेल्या फुफ्फुसाचा एक्स-रे स्वच्छ दिसू शकतो, मूत्रमार्गाचा संसर्ग असूनही लघवीत पूपेशी सापडत नाहीत, आणि गुदद्वाराजवळचा घातक संसर्ग केवळ शौचाच्या वेळी होणाऱ्या वेदनेपुरता जाणवतो. उरते ती एकच खूण, ताप. तोंडात एकदा मोजलेले तापमान ३८.३ अंश सेल्सिअस, म्हणजे जवळपास १०१ फॅरनहाइट, किंवा तासभर टिकून राहिलेले ३८ अंश, म्हणजे १००.४ फॅरनहाइट, ही ठरलेली रेषा आहे. न्यूट्रोफिल ५०० च्या खाली असताना ती ओलांडली गेली तर दुसरी कोणतीही तक्रार नसली तरी ती तातडीची अवस्था समजली जाते. पॅरासिटामॉल घेऊन ताप दडपला की ही एकुलती एक खूणही पुसली जाते, म्हणून अशा रुग्णाने गोळी घेण्याआधी तापमान मोजून डॉक्टरांना कळवायचे असते. वृद्धांत आणि स्टेरॉइड घेणाऱ्यांत कधी कधी तापही येत नाही. केवळ गळून जाणे, थंडी वाजणे किंवा गोंधळल्यासारखे वागणे एवढेच दिसते.

पूर्वी अशा तापात रक्तातला जंतू प्रयोगशाळेत वाढून ओळखला जाईपर्यंत थांबण्याची रीत होती, आणि त्या दोन-तीन दिवसांत अनेक रुग्ण दगावत. १९७१ साली बाल्टिमोरच्या स्टीफन शिम्फ आणि सहकाऱ्यांनी निदानाची वाट न पाहता ताप येताच दोन प्रतिजैविके एकत्र सुरू केल्याचे परिणाम प्रसिद्ध केले, आणि आजची पद्धत त्यातूनच रुजली: रक्ताचे नमुने संवर्धनासाठी घ्यायचे आणि रुग्ण दाराशी आल्यापासून तासाभरात शिरेतून पहिला डोस द्यायचा. महाराष्ट्रात मात्र हा तास दारात पोहोचल्यावरच मोजायला सुरुवात होते. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात उपचार घेऊन नांदेड किंवा गडचिरोलीकडे परतलेल्या रुग्णाच्या बाबतीत त्याआधीचे तास कितीतरी अधिक असतात, आणि ते वाचवायचे असतील तर पहिला डोस तालुक्याच्या ठिकाणीच मिळाला पाहिजे. प्रत्येक डोसनंतर रुग्णाच्या हाती आजार, औषधे, धोक्याचे दिवस आणि ताप आल्यास द्यायचे पहिले प्रतिजैविक लिहिलेला एक मराठी कागद देणे हे कोणत्याही महागड्या औषधापेक्षा अधिक प्राण वाचवील, असे या विषयात काम करणाऱ्यास प्रामाणिकपणे वाटते. भारतातल्या रुग्णालयांत या तापामागे बहुधा ई. कोलाय, क्लेब्सिएला, स्यूडोमोनास असे जीवाणू असतात, आणि ते अनेक प्रतिजैविकांना दाद देईनासे झाले आहेत. सर्दीपडशासाठी दुकानातून चिठ्ठीविना घेतलेल्या प्रतिजैविकांची किंमत अखेर अशा रुग्णाला चुकवावी लागते.

यांतले बहुतेक जंतू बाहेरून येत नाहीत. ते रुग्णाच्याच आतड्यात आणि त्वचेवर आयुष्यभर वसलेले असतात, आणि औषधांनी सोलवटलेल्या आतड्याच्या अस्तरातून ते रक्तात उतरतात; म्हणून रुग्णाला खोलीत कोंडून नातवंडांपासून तोडण्याने फारसे साधत नाही, आणि त्यातून येणारा एकटेपणा मात्र खरा असतो. आजारी माणसाने जवळ न जाणे, साबणाने वारंवार हात धुणे, तोंड स्वच्छ ठेवणे, स्नायूतली इंजेक्शने आणि एनिमा टाळणे यांचा उपयोग अधिक होतो. फळे व कोशिंबिरी पूर्णपणे वर्ज्य करणाऱ्या कडक पथ्याने संसर्ग कमी होत नाहीत असे तुलनात्मक चाचण्यांत दिसून आले आहे. स्वच्छ धुतलेले, सोललेले फळ आणि घरचे ताजे जेवण चालते, गाडीवरचे चिरलेले फळ आणि पाणीपुरी चालत नाही. दिवाळीपूर्वी घरात भिंती खरवडून रंग काढला जातो, माळे उपसले जातात, तेव्हा उडणाऱ्या धुळीत ॲस्परजिलस बुरशीचे बीजाणू असतात. दीर्घकाळ न्यूट्रोफिल नसलेल्या रुग्णाने त्या दिवसांत दुसऱ्या घरी राहावे, हे सांगण्याची आठवण मात्र सहसा कोणाला होत नाही.

मज्जा जागी होऊ लागली की रक्तात आधी मोनोसाइट ही दुसऱ्या जातीची पेशी वाढताना दिसते आणि काही दिवसांत तिच्यामागोमाग न्यूट्रोफिल येतात. १९९१ पासून वापरात असलेले जी-सीएसएफ हे इंजेक्शन ही वाट काही दिवसांनी आखूड करते. याच सुमारास कधी कधी खोकला वाढतो, स्वच्छ दिसलेल्या एक्स-रेवर पांढुरके ठिपके उमटतात, सुई टोचलेली जागा लाल होते आणि दबलेल्या गळवात पू धरतो, आणि आजार उलटला असे वाटून घरचे घाबरतात. एक्स-रेवरचे ठिपके डॉक्टरांना बारकाईने तपासावेच लागतात. पण सुईच्या जागेची ती लाली म्हणजे पेवातून निघालेल्या पहिल्या गाड्या ऊतींपर्यंत पोहोचल्याची खूण असते.