वाटेला पुरणारे गाणे

सोलापूर जिल्हा हा वाटांचा आणि मुक्कामांचा मुलूख आहे. पुण्याहून हैदराबादकडे जाणारा महामार्ग येथून जातो, धुळ्याकडून विजयपूरकडे उतरणारा रस्ता त्याला येथेच भेटतो, आषाढी जवळ आली की चहूकडून दिंड्या पंढरपूरची वाट धरतात, आणि पावसाळा सरून थंडी पडू लागली की ऊसतोड मजुरांच्या टोळ्या मराठवाड्यातून येथील साखर कारखान्यांच्या परिसरात उतरतात. हे सगळे प्रवास आठवड्यांत किंवा महिन्यांत मोजावे लागतात. घर मागे राहते, सामान कमीत कमी घ्यावे लागते, आणि तरीही गाणे बरोबर असावेसे वाटते. ते कोणत्या यंत्रातून न्यावे, हा प्रश्न वरवर पाहता बाजारातल्या खरेदीचा दिसतो. परंतु खोलात गेल्यावर लक्षात येते, की वाटेवर कोणावर विसंबायचे आणि कोणावर नाही, याचाच तो निर्णय असतो.

या निर्णयाचा सर्वांत जुना आणि सर्वांत समर्थ नमुना याच जिल्ह्याच्या मातीत पाहायला मिळतो. हैबतबाबा आरफळकर यांनी एकोणिसाव्या शतकात ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्याला जी शिस्त लावून दिली, तिचा कणा दिंडी हा आहे. दिंडी म्हणजे एका फडाचा किंवा गावाचा एकत्र चालणारा समूह, ज्यात पताकाधारी, टाळकरी, मृदंग वाजवणारा, विणेकरी आणि तुळस डोक्यावर घेतलेल्या महिला यांच्या जागा ठरलेल्या असतात. आळंदीहून निघालेली पालखी धर्मपुरीजवळ सोलापूर जिल्ह्यात प्रवेश करते आणि नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी असे मुक्काम करीत पंढरपूरला पोहोचते. सुमारे अडीचशे किलोमीटरच्या त्या वाटेवर गाणे अखंड चालू असते आणि त्यासाठी कोणत्याही इंधनाची गरज पडत नाही. दोरीने जोडलेली काशाच्या टाळांची जोडी ओंजळीत मावते, पावसात भिजली तरी वाजते, आणि तिचा सूर बिघडला तरी ती फेकून द्यावी लागत नाही. अभंग पाठ असतात, म्हणून साठवणीची अडचण नसते. आणि एकाचा आवाज बसला तर दुसरा चाल उचलतो, म्हणून खंडही पडत नाही. साठवण, ऊर्जा, टिकाऊपणा आणि दुरुस्ती या ज्या चार कसोट्यांवर आज एखादे यंत्र पारखले जाते, त्या चारही कसोट्यांना दिंडी अनेक पिढ्यांपासून उतरत आली आहे.

मग यंत्राची गरज कोठे उरते? ती उरते एकट्याच्या वेळेसाठी. शेगावहून गजानन महाराजांची पालखी सुमारे महिनाभर चालत सोलापूर शहरात येते आणि पुढे तिऱ्हे, कामती, माचणूर, मंगळवेढा या मार्गाने पंढरपूर गाठते. अशा दीर्घ चालीत मुक्कामी पाठ टेकल्यावर, पाय सुजून झोप लागत नसताना, किंवा दिंडीपासून मागे पडून एकट्याने चालावे लागत असताना, कानाशी एखादा ओळखीचा आवाज हवासा वाटतो. रात्री माल घेऊन निघालेल्या ट्रकचालकाला आणि कोपीत, म्हणजे पाचट व चटया यांच्या तात्पुरत्या झोपडीत, सहा महिने काढणाऱ्या ऊसतोड कुटुंबाला तर दिंडीची सोबतही नसते. यंत्राची निवड करायची ती या माणसांच्या दिवसाकडे पाहून.

विसाव्या शतकाने ही गरज टप्प्याटप्प्याने भागवली. १९५४ साली अमेरिकेत ट्रान्झिस्टरवर चालणारा खिशातला रेडिओ विक्रीला आला. ट्रान्झिस्टर म्हणजे विजेचा क्षीण संकेत मोठा करणारा अर्धवाहकाचा इवलासा घटक, ज्याने काचेच्या तापणाऱ्या नळ्यांची जागा घेतली आणि रेडिओला भिंतीवरच्या विजेपासून मोकळे केले. १९६३ मध्ये फिलिप्स कंपनीची कॅसेट आली, १९७९ मध्ये सोनीच्या वॉकमनने तीच कॅसेट चालत्या माणसाच्या कानाशी नेली, आणि २००१ मध्ये आलेल्या आयपॉडने हजार गाणी खिशात बसवली. भारतात २०१७ साली सारेगामा कंपनीने पाच हजार गाणी आधीच भरलेले कारवां हे यंत्र आणले, ज्याला इंटरनेट लागत नाही आणि ज्याची बटणे वयस्कर हातांनाही सहज कळतात. ट्रान्झिस्टर वाजवायला सेल आणि प्रक्षेपण पुरेसे होते. आजच्या स्मार्टफोनवर गाणे ऐकायचे, तर बहुधा नेटवर्क, डेटाचा रिचार्ज, कंपनीची वर्गणी आणि रोजचे चार्जिंग अशा चार गोष्टी एकाच वेळी जुळून याव्या लागतात. सोय वाढत गेली, पण तिच्याबरोबर परावलंबनही वाढले.

म्हणून लांबच्या वाटेसाठी पहिली कसोटी साठवणीची. एमपीथ्री ही ध्वनी दाबून साठवण्याची पद्धत आहे. माणसाच्या कानाला जे बारकावे एरवी ऐकू येत नाहीत, ते गाळून ती फाइल लहान करते. सेकंदाला १२८ किलोबिट या सर्वसाधारण दराने साठवलेले एक मिनिटाचे गाणे सुमारे एक मेगाबाइट जागा घेते, म्हणजे ८ जीबीच्या मेमरी कार्डात सुमारे १३८ तासांचे गाणे मावते. रोज सहा तास ऐकले, तरी ते तीन आठवड्यांच्या आळंदी–पंढरपूर वाटेला पुरून उरते. नखाएवढे हे कार्ड बटणांच्या साध्या मोबाइलमध्ये बॅटरीखालच्या खाचेत बसते, आणि गावोगावच्या मोबाइलच्या दुकानांत ते हव्या त्या गाण्यांनी भरून देण्याचा व्यवसाय अनेक वर्षे चालत आला आहे. भीमसेन जोशींची अभंगवाणी, प्रल्हाद शिंदे यांची विठ्ठलगीते, एखाद्या कीर्तनकाराचे निरूपण, लावणी, कन्नड भावगीते आणि तेलुगू चित्रपटगीते हे सारे या बहुभाषिक जिल्ह्यात एकाच कार्डावर गुण्यागोविंदाने नांदते.

साठवलेल्या गाण्याला रेडिओची जोड असावी, कारण साठवलेले गाणे आपल्याला आधीच ठाऊक असते आणि रेडिओ मात्र आज काय घडले ते सांगतो. एफएमच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात, म्हणून आकाशवाणीच्या सोलापूर केंद्राचा स्वच्छ आवाज शहरापासून दूर जाता जाता विरत जातो. मध्यम लहरी रात्री वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून परावर्तित होतात आणि त्यामुळे सूर्यास्तानंतर कितीतरी दूरची केंद्रे ऐकू येऊ लागतात. अनेक साध्या मोबाइलमध्ये इअरफोनची तार हीच एफएमची अँटेना असते, हेही लक्षात ठेवावे. तार नसेल तर रेडिओ मुका होतो.

दुसरी कसोटी ऊर्जेची. मुक्कामावर एका प्लगभोवती दहा मोबाइल लटकलेले असतात आणि ऊसतोडीच्या अनेक तळांवर वीजच नसते. अशा ठिकाणी जे यंत्र एका चार्जिंगवर कित्येक दिवस चालते आणि ज्याची बॅटरी हाताने काढून दुसरी घालता येते, तेच खरे उपयोगाचे. सुमारे पाच तास चालणारा देखणा संच घराच्या ओसरीवर शोभतो, वाटेवर त्याची सत्ता संध्याकाळपर्यंतच टिकते. लिथियम बॅटरीला उष्णता सोसत नाही. सोलापूरच्या वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो, आणि बंद गाडीत काचेमागे ठेवलेले यंत्र त्याहूनही कितीतरी अधिक तापते, म्हणून ते उन्हात ठेवू नये आणि तापलेले असताना चार्जिंगला लावू नये.

तिसरी कसोटी टिकाऊपणाची. धूळ आणि पाणी यांपासून यंत्राला किती संरक्षण आहे, हे सांगणारे आयपी नावाचे एक आंतरराष्ट्रीय मानांकन असते. आयपी ६७ असे लिहिलेले असेल, तर पहिला आकडा धूळ आत शिरत नसल्याचे आणि दुसरा आकडा एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकत असल्याचे सांगतो. आषाढातला पाऊस आणि पाचटाची धूळ सोसणाऱ्याला हा आकडा महत्त्वाचा असला, तरी असे यंत्र हाती नसेल, तर घट्ट बांधलेली प्लॅस्टिकची पिशवीही बरेच काम करते. बटणे मात्र खरी, उठावदार असावीत. पाच या आकड्यावरचा बारीकसा उंचवटा अंगठ्याला लागला, की अंधारात, घोंगडीच्या आत, डोळे न उघडता गाणे बदलता येते. ओल्या बोटांना दाद न देणाऱ्या काचेच्या पडद्यावर ते जमत नाही.

चौथी कसोटी दुरुस्तीची, आणि लांबच्या प्रवासात तीच निर्णायक ठरते. यंत्र बिघडणारच, असे धरून चालावे आणि ते अकलूज, मोहोळ किंवा बार्शीच्या बाजारात, अर्ध्या दिवसात, थोड्या पैशांत सुरू होऊ शकते का, एवढेच विचारावे. ज्याची पिन, बॅटरी आणि इअरफोन कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळतात, त्या साध्या वस्तूपुढे महागड्या संगीतयंत्राच्या आवाजातली सूक्ष्म नजाकत फारशी उपयोगाची राहत नाही. ट्रकच्या इंजिनाच्या घरघरीत आणि पालखीतळाच्या गजबजाटात ती नजाकत ऐकूही येत नाही.

निवडीनंतर वापराचा विवेक येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढ माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित मानले जाते, आणि आवाज ९० डेसिबलवर गेला की ती मुदत चार तासांवर येते. डेसिबल हे आवाजाच्या तीव्रतेचे असे माप आहे, ज्यात प्रत्येक तीन अंकांमागे ध्वनीची ऊर्जा जवळपास दुप्पट होते. महामार्गाच्या कडेने चालणाऱ्याने दोन्ही कान कधीच झाकू नयेत, कारण मागून येणारे वाहन आधी कानालाच कळते. उसाने भरलेल्या ट्रॅक्टरवर मोठ्या आवाजात टेप लावण्याची सवय याच कारणाने घातक आहे. थंडीच्या रात्री जागे राहण्यासाठी चालकाला गाणे लागते हे खरे, पण दोन ट्रॉल्यांमागून येणाऱ्याचा हॉर्न त्याला ऐकू आलाच पाहिजे. आणि दिंडीत भजन उभे राहिले, की खिशातले यंत्र बंद करणे हा नुसता शिष्टाचार नव्हे. जेथे जिवंत गाणे आहे, तेथे साठवलेल्या गाण्याचे काम संपते.

या साऱ्याचा निष्कर्ष साधा आहे. महिना-दोन महिन्यांच्या वाटेला कार्डाची सोय, रेडिओ, विजेरी आणि काढता येणारी बॅटरी असलेला बटणांचा मोबाइल, त्याबरोबर एक जादा बॅटरी, एक जादा कार्ड आणि तारेचा इअरफोन एवढे पुरे होते, आणि याहून महाग वस्तू बहुतेकांना लागत नाही. त्यातही एक गुण सहसा दुर्लक्षिला जातो: असे अनेक मोबाइल आवाज नोंदवूनही घेतात. हेमा राइरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्या मुख्यतः अशाच बायकांच्या कंठातून, ज्यांची गाणी कोणत्याही कंपनीच्या संचात भरलेली नसतात. घरात आई असेल, आजी असेल, टाळ घेऊन बसणारे आजोबा असतील, तर निघण्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांना गायला लावावे आणि तो आवाज कार्डावर सर्वांत आधी भरावा. बाकीची हजार गाणी बाजारात कधीही मिळतील.