शेवटचा खेळ सुटल्यावर

आमच्या घरात आम्ही सख्खी, चुलत आणि आतेभावंडं मिळून अकरा जण. सुट्टीत सगळ्यांची अंथरुणं माजघरात एका ओळीत पडत. घर वसई गावातून किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या वाडीत. पुढे केळी, बाजूला पानवेली, विहिरीवर रहाट आणि मागच्या अंगाला बावखल, म्हणजे लहानसं तळं. बाजारातली टॉकीज चालत पंधरा मिनिटांवर. रात्रीचा खेळ साडेबाराला सुटला की माणसं घोळक्याने परतत आणि मोठमोठ्याने गाणी म्हणत. भीती वाटू नये म्हणून गातात, हे आम्हाला अंथरुणात पडल्या पडल्या कळायचं.

भीती होती ती त्या टॉकीजचीच. बायकांच्या बाजूला शेवटच्या रांगेत भिंतीलगत एक खुर्ची होती. खेळ संपून लोक गेले, दिवे मालवले की ती खुर्ची 'खट्‌' आवाज करून मिटते, जणू बसलेलं कुणीतरी उठलं, असं बॅटरी घेऊन जागा दाखवणारा माणूस सांगायचा. ही गोष्ट आमच्या माजघरात आली आणि वाढत गेली. थोरल्या दादाने तिला मोगऱ्याचा वास जोडला. आतेभावाने शपथेवर सांगितलं की ऑपरेटरला रिकाम्या पडद्यावर सावली दिसली होती. 1976 साली 'हा खेळ सावल्यांचा' आला, त्यानंतर महिनाभर आम्ही परसात एकटं जाईना. 1984 साली 'पुराना मंदिर' आला तेव्हा आम्ही मिशा फुटलेले बाप्ये होतो, तरी त्या खुर्चीकडे पाठ करून कुणी बसलं नाही.

वसईत भुतांना तोटा नव्हता. प्रत्येकाची जागा ठरलेली होती. विहिरीत आसरा, पिंपळावर मुंजा, खाजणात चकवा. संध्याकाळनंतर बावखलाकडे फिरकायचं नाही, कारण तिथली पाय ओढते. पोहता न येणारी अकरा पोरं सांभाळायची तर आजीकडे दुसरं काय होतं? खाजणातला चकवा माणसाला रात्रभर एकाच जागी फिरवतो म्हणत. भरतीचं पाणी चढताना अंधारात वाट चुकली तर काय होतं, हे किल्लाबंदरच्या कोळ्यांना विचारावं. त्या भुतांनी आमची राखण केली असंच मी आज म्हणेन.

सर्वांत मोठी वस्ती अर्थात किल्ल्यात. 1739 च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या फौजेने सुरुंग लावून सेबॅस्टियनचा बुरूज फोडला आणि दोनशे वर्षांची पोर्तुगीज सत्ता संपली. त्या वेढ्यात दोन्हीकडची माणसं पडली, मराठ्यांची तर हजारोंनी. इतक्या जणांचे दिवस कोणी घातले, असं आजी विचारायची. चर्चच्या मनोऱ्यांत घंटा उरल्या नाहीत. नाशिकची नारोशंकराच्या देवळातली घंटा वसईचीच, असं सांगतात. तरी अमावास्येला किल्ल्यात घंटा वाजते, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि पडक्या मनोऱ्यात पांढऱ्या कपड्यांतली बाई किंचाळते हेही.

काकांची नोकरी मुंबईत. ते बऱ्याचदा शेवटच्या विरार लोकलने यायचे. भुतांवर त्यांचा विश्वास नव्हता. एका संध्याकाळी ते आम्हाला किल्ल्यात घेऊन गेले आणि मनोऱ्यातलं गव्हाणी घुबड दाखवलं. पांढरंफटक बदामी तोंड, आणि ओरडणं असं की अंगावर काटा यावा. टॉकीजच्या खुर्चीचाही उलगडा त्यांनी केला. आपली हवा खारी आणि दमट, स्प्रिंगा गंजतात, माणूस उठला तरी बैठक खालीच अडकते आणि मागाहून कधीतरी सुटते. आम्हाला ते पटलं. रात्र पडली की मात्र पटलेलं उपयोगी येत नसे.

हा उलगडा आम्ही आजीला मोठ्या उत्साहाने सांगितला. ती तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. दादा म्हणाला, "म्हणजे आजी, ती हडळ नाहीच." आजी एवढंच म्हणाली, "हडळ म्हणू नका रे. कुणी बाई घटकाभर निवांत बसली असेल, तर बसू दे तिला."

त्या रात्री तिने जे सांगितलं ते आम्ही आधी कधी ऐकलं नव्हतं. आजीला एक धाकटी जाऊ होती. लग्न होऊन आली तेव्हा सतरा वर्षांची. दोघी जावा सासूबाईंची परवानगी काढून एकदाच त्या टॉकीजला गेल्या होत्या, बायकांच्या बाजूला शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. खेळ संपल्यावर धाकटी उठेचना, पुन्हा पहिल्यापासून लावतील का म्हणून विचारत राहिली. पुढच्या पावसाळ्यात ती बाळंतपणात गेली. बाळंतपणात गेलेल्या बाईची हडळ होते, असं गाव म्हणे. म्हणून घरात तिचं नाव घेणं बंद झालं. फोटो नव्हताच. ते नाव आम्ही त्या रात्री पहिल्यांदा ऐकलं आणि अकराच्या अकरा जण गप्प झालो. ती आमची चुलत आजी होती.

पुढे वाचनात आलं की जगभरच्या नाटकगृहांत अशी बिऱ्हाडं आहेत. लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरात करड्या झग्यातला पुरुष दिसतो, आणि तो दिसला की नाटक चालतं म्हणतात. अमेरिकेतल्या नाटकगृहांत रात्री रंगमंचावर एक दिवा जळता ठेवतात. अंधारात कुणी धडपडू नये हे व्यवहाराचं कारण, आणि तिथल्या भुतांना उजेड असावा ही समजूत. ते वाचलं आणि मला आमची ओटी आठवली. रात्रीच्या खेळाला गेलेलं शेवटचं माणूस घरात येईपर्यंत आजी तिथला कंदील विझवत नसे. सगळे आलेले असले तरी ती तो थोडा वेळ तसाच ठेवायची. कोणासाठी, हे आम्ही त्या रात्रीनंतर विचारलं नाही.

टॉकीज पाडली गेली. बावखल बुजलं. 2009 मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली, 2014 मध्ये जिल्हा पालघर झाला, आणि आमच्या रस्त्यावर रात्रभर दिवे असतात. त्या उजेडात चकवा लागत नाही, हे चांगलंच झालं. पण भुताच्या गोष्टीबरोबर ती गोष्ट ज्या माणसाची होती, ते माणूसही पुसलं जातं. शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबात 2 नोव्हेंबरला दफनभूमीत आपल्या प्रत्येक माणसाच्या नावाने मेणबत्ती लावतात. आजीला ते फार आवडायचं. नावाने लावतात, असं ती दोनदा म्हणायची.

अकरांतले आम्ही आता आठ उरलो आहोत. तुमच्याही घरात विहिरीवरची, पिंपळावरची, टॉकीजमधली एखादी बाई असेल. सांगणारं माणूस आहे तोवर विचारून घ्या, ती कोण होती, कुणाची कोण लागत होती, तिचं नाव काय होतं. आम्ही विचारायला उशीर केला, तरी एक नाव हाती लागलं. दरवर्षी भाद्रपदात अविधवा नवमीला आमच्या घरी त्या नावाने पान वाढलं जातं.