जमेची बाजू

आमच्या घराच्या माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक आहे. तिच्यात तळाशी आमच्या वडिलांचा ‘सेगुंदु ग्राव’चा पोर्तुगीज दाखला आहे. त्या दाखल्यासाठी वडील पेडण्याच्या लाल मातीतून कितीतरी कोस अनवाणी चालले होते. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, त्याचा आनंद वडिलांना कोणाहून कमी झाला नाही. परंतु नव्या राज्यात त्या दाखल्याचे मोल कसे करावयाचे, हे त्यांना कोणी समजावून सांगितले नाही. त्यांनी तो घडी घालून ठेवून दिला.

त्या दाखल्यावर आमची स्वतःची प्रमाणपत्रे आहेत. संवादिनीच्या दोन परीक्षा, राष्ट्रभाषेच्या तीन, टंकलेखनाची एक. गोवा विद्यापीठ १९८५ साली सुरू झाले. तोपर्यंत येथील महाविद्यालये मुंबई विद्यापीठास जोडलेली होती. नव्या विद्यापीठाच्या पहिल्या काही तुकड्यांत आम्ही होतो. प्रवेशाच्या वेळी मोठ्या हौसेने ही सारी प्रमाणपत्रे घेऊन गेलो, तो अर्जात त्यांच्यासाठी रकानाच नव्हता. विद्या एकीकडे आणि पदवी दुसरीकडे, अशी आमच्या मनाची समजूत त्या दिवशी झाली, आणि पुढे तिचे तत्त्वज्ञानात रूपांतर झाले. ‘मुलांनो, कागदाच्या मागे लागू नका, ज्ञानाच्या मागे लागा’ हे वाक्य आम्ही तीस वर्षे निरोपसमारंभांतून उच्चारीत आलो. त्यावर टाळ्याही पडत आल्या.

ह्या वाक्याची किंमत एका मुलीस मोजावी लागली, ती हकीकत वाचकांस सांगावयाची आहे.

मुलगी डिचोली तालुक्यातील. आमच्या शाळेतून दहावी झालेली. वडिलांचा खाणीवर ट्रक होता. २०१८ साली खाणी बंद पडल्या आणि त्यांच्याबरोबर तो ट्रकही दारात उभा राहिला. तशाही स्थितीत पोर शिकत राहिली आणि २०२३ च्या जूनमध्ये वाणिज्य शाखेत दाखल झाली. नव्या शैक्षणिक धोरणानुसार गोव्यातील महाविद्यालयांत अभ्यासक्रम सुरू झाला, तो त्याच वर्षी. पहिले वर्ष नीट पार पडले. दुसऱ्या वर्षाच्या तोंडावर वडील अंथरुणास खिळले. धाकटा भाऊ शाळेत. तेव्हा हिने महाविद्यालय थांबविले आणि मोपाच्या विमानतळावर नोकरी धरली. पेडण्याच्या त्या पठारावर आम्ही लहानपणी गुरे चरताना पाहिली होती. तेथे आता रात्रभर दिवे जळतात आणि आमच्या मुली पाळीवर जातात.

एके दिवशी ती शाळेत आम्हांस भेटावयास आली. रात्रपाळीच्या मधल्या सुटीत ती फोनवर केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’चा हिशेबशास्त्राचा अभ्यासक्रम करीत होती. ‘स्वयम्’ २०१७ साली सुरू झाले. तेथे शिकावयास पैसे पडत नाहीत, मात्र प्रमाणपत्र हवे असल्यास शुल्क भरून केंद्रावर परीक्षा द्यावी लागते. तिने बारा आठवड्यांचे सर्व पाठ ऐकले होते, स्वाध्याय सोडविले होते.

‘‘सर, परीक्षेचा फॉर्म भरू का? त्या दिवशी रजा घेतली तर पगार कापतात.’’

आम्ही विचारले, ‘‘बाये, विषय समजला ना तुला?’’

‘‘समजला, सर.’’

‘‘मग झाले तर! परीक्षा हा कागद. शिकलेले कोठे जात नाही.’’

ती समाधानाने गेली. आम्हीही समाधानाने चहा मागविला.

पुढच्या जूनमध्ये वडील हिंडूफिरू लागले आणि मुलगी महाविद्यालयात परतली. नोकरी सुटली नव्हती. रात्री काम आणि सकाळी वर्ग. तिच्या आग्रहास्तव आम्हीही बरोबर गेलो. तेथील प्राध्यापकांनी अगत्याने बसविले, सर्व ऐकून घेतले आणि दोनच प्रश्न विचारले. अभ्यासक्रम घेण्यापूर्वी महाविद्यालयाची संमती घेतली होती का? आणि परीक्षा दिली होती का? दोहोंचे उत्तर नकारार्थी होते. ‘‘मग ह्याचे श्रेयांक आम्हांला धरता यायचे नाहीत,’’ ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात तुसडेपणा नव्हता. दोष त्यांचा नव्हता, मुलीचा तर नव्हताच.

घरी येऊन आम्ही प्रथमच ते नियम वाचले. वास्तविक ते आम्ही वर्षापूर्वी वाचावयास हवे होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २८ जुलै २०२१ रोजी श्रेयांकांच्या बँकेचे नियम जाहीर केले. वाचकांनी पोस्टातील बचतखाते डोळ्यांपुढे आणावे. विद्यार्थ्याच्या नावाने खाते निघते. त्यात पैशांऐवजी श्रेयांक जमा होतात. तीन वर्षांच्या पदवीस किमान १२० श्रेयांक लागतात. वर्गात शिकविण्याचे पंधरा तास म्हणजे एक श्रेयांक. मध्येच शिक्षण सुटले तरी जमा झालेले बुडत नाही. साधारणतः सात वर्षांपर्यंत ते वापरता येते, आणि एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात नेताही येते. मात्र निम्मे श्रेयांक तरी पदवी देणाऱ्या संस्थेतच मिळवावे लागतात. २०२१-२२ च्या आधीचे श्रेयांक ह्या खात्यात चालत नाहीत. ‘स्वयम्’सारख्या ऑनलाइन अभ्यासक्रमांची मर्यादा एका सत्रात पूर्वी वीस टक्के होती, ती २०२१ मध्ये चाळीस टक्के झाली. पण त्यांतले कोणते अभ्यासक्रम चालतील, हे ज्याच्या त्याच्या संस्थेने आधी ठरवावयाचे असते.

म्हणजे ज्या रकान्यासाठी आम्ही एके काळी हळहळलो, तो रकाना आता आला होता. आमच्या विद्यार्थिनीच्या दाराशी तो आला, आणि जुन्या दुखण्यापायी आम्हीच तिला त्याकडे पाठ फिरवावयास सांगितले. आमच्या वेळी दार बंद होते, म्हणून ते अजूनही बंदच असणार, असे आम्ही गृहीत धरले. शिक्षकाच्या हातून घडणारा हा मोठा प्रमाद होय.

तो अभ्यासक्रम चार श्रेयांकांचा होता. चार श्रेयांक म्हणजे साठ तासिका. जो विषय तिला येत होता, त्याच्या साठ तासिका रात्रपाळीहून आल्यावर तिला पुन्हा बसून काढाव्या लागल्या. आमच्या एका सुभाषिताची किंमत साठ तासांची झोप, हा हिशेब मांडावयास हिशेबशास्त्राची गरज नव्हती.

आम्ही तिच्यापाशी चूक कबूल केली. डिचोलीच्या बसस्थानकावर उभे होतो. ती काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘सर, तुम्ही मुद्दाम थोडेच सांगितलंत. पण पुढच्या वेळी आपण आधी विचारूया.’’

त्या ‘आपण’ शब्दाने आम्हांस जे वाटले, ते येथे लिहीत नाही.

पुढच्या वेळी आधी विचारले. सत्राच्या प्रारंभीच अभ्यासक्रमाचे नाव घेऊन ती प्राध्यापकांकडे गेली आणि लेखी संमती घेऊन आली. खाते उघडताना आणखी एक अडचण निघाली. आधारपत्रावर वडिलांचे नाव मध्ये होते, गुणपत्रिकेवर नव्हते. ते जुळवून घेण्यात तीन आठवडे गेले. शाळेच्या रजिस्टरात नावे लिहिताना आम्ही आता दोनदा चष्मा पुसतो. एक दिवसाचा पगार सोडून तिने परीक्षा दिली. काही आठवड्यांनी तिने फोनवर खात्याचे चित्र पाठविले. त्यात चार श्रेयांक जमा झाले होते.

आता कोणी म्हणेल, मग आजोबांच्या भजनातले, दशावताराच्या रंगमंचावरचे, शेताच्या बांधावरचे ज्ञान फुकटच का? तसे नव्हे. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात कौशल्य आणि कामाचा अनुभव ह्यांनाही जागा आहे; तीस तासांच्या अध्ययनास एक श्रेयांक, असे त्याचे माप आहे. परंतु तेथेही मूल्यमापन झाल्यावाचून काही जमेस धरले जात नाही. आणि ते रास्तच आहे. पाटावर बसलेल्या प्रत्येकास पंडित म्हणू लागलो, तर खऱ्या पंडिताची पंचाईत व्हावयाची. ज्ञान कागदाहून थोर आहे, हे आम्ही आजही मानतो. पण ज्याच्या घरी वडिलार्जित काही नाही, त्याच्या ज्ञानास बाहेरच्या जगात ओळख देणारे दुसरे साधन अद्याप निघालेले नाही. कागदाची थट्टा करणे पदवी हाती असलेल्या आमच्यासारख्यांस परवडते.

बृहन्महाराष्ट्रातील आपली कुटुंबे बदलीच्या नोकऱ्यांपायी आज इंदूरला तर उद्या हैदराबादला असतात. मुलांचे शिक्षण मध्येच उखडते. त्यांच्यासाठी ही सोय मोठी आहे. केवळ तीन गोष्टी सांभाळाव्यात. अभ्यासक्रम घेण्यापूर्वी आपल्या महाविद्यालयाची लेखी संमती घ्यावी. नाव सर्व कागदांवर अक्षरशः एकच असावे. आणि परीक्षा चुकवू नये.

यंदाच्या निरोपसमारंभात आम्ही आमचे जुने वाक्य उच्चारले नाही. त्याऐवजी हेच तीन मुद्दे सांगितले. टाळ्या पडल्या नाहीत. समारंभ संपल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा मात्र घुटमळत आला आणि म्हणाला, ‘‘सर, कॉलेजात आधी विचारायचं, म्हणजे नेमकं कोणाला?’’

उत्तर आम्हांस नक्की ठाऊक नव्हते. आम्ही म्हटले, ‘‘सोमवारी ये. दोघे जाऊन विचारू.’’