चारशे सात

सांगली-मिरज-कुपवाड पट्ट्यात 'चारशे सात' हा आकडा नाही, नाम आहे, तेही स्त्रीलिंगी. 'चारशे सात सांगितलीय' हे वाक्य कुपवाडच्या एमआयडीसीतून वर्गात येणारी मुले सहज बोलून जातात. अध्याहृत 'गाडी'ने संख्येला लिंग बहाल करावे, ही व्याकरण शिकवणाऱ्याला सुखावणारी गोष्ट आहे.

एम.ए.च्या वर्गात 'संशयकल्लोळ' लावले की एक प्रश्न हमखास येतो: कथानक मोलिएरचे, तेही इंग्रजी रूपांतरातून आलेले, मग देवलांचे काय उरले? यंदा तो विचारणाऱ्या मुलाचे वडील चारशे सात चालवतात. कुणीतरी 'उसनी' म्हटल्यामुळे त्याने स्वतःची कथा फाडून टाकली होती, हे मागाहून कळले. मला देवलांआधी त्या ट्रकचीच गोष्ट सांगावीशी वाटली.

टेल्कोने १९५४ साली डाइम्लर-बेंझशी करार केला आणि ट्रकच्या नाकावर जर्मन तारा आला. १९६९ साली करार संपला, ताऱ्याच्या जागी 'टी' बसला. नावांचे व्याकरण मात्र जर्मनच राहिले: 'बाराशे दहा' म्हणजे बारा टन आणि शंभर अश्वशक्ती. १९८६ साली पुण्यात घडवलेल्या चारशे सातचे नावही त्याच वळणाचे. त्या सुमारास टोयोटा, निस्सान, माझदा, मित्सुबिशी भारतीय भागीदारांसह याच वजनाचे ट्रक घेऊन उतरले होते. येन महागला तसे त्यांचे आयात भाग महागले. चारशे सातचे भाग इथलेच होते. (माझदा आणि आयशर-मित्सुबिशी तरीही तगले, हे नोंदवले पाहिजे, देशी म्हणून जिंकले अशी भाबडी मांडणी मला मान्य नाही.)

रोमानियातील ब्राशोव्हच्या कारखान्यानेही १९७१ पासून जर्मन 'मान' कंपनीच्या परवान्यावर ट्रक काढले. त्यांचे नाव 'रोमान'. परवाना देणारा नावातच बसलेला. आपल्याकडे तो नावाच्या रचनेत दडला. यांतले अधिक प्रामाणिक कोणते, हे मला ठरवता येत नाही.

हरिपूरच्या देवलांनी १८९३ मध्ये 'फाल्गुनराव' गद्यात आणले. त्याचेच १९१६ साली पदांसह 'संशयकल्लोळ' झाले. कथानक परक्याचे राहिले, पण फाल्गुनरावाच्या घरातले संशयी, तिरकस बोलणे कुठल्याही फ्रेंच संहितेत सापडणार नाही. चारशे सातचे आखूड नाक, कुठल्याही गॅरेजात उघडता येणारे इंजिन आणि हळदीच्या पोत्यांनी भरलेला हौदा यांच्याकडे मी याच नजरेने पाहतो. अर्थात क्षमतेबाहेर माल भरणे हेही आपलेच रूपांतर, आणि त्याची किंमत स्टिअरिंगमागचा माणूस मोजतो.

मुलाने सारे ऐकून घेतले आणि विचारले, "सर, मग पदं घालणं म्हणजे इंजिन बदलणं की नुसता रंग देणं?"

यावर आमचा उरलेला तास गेला.