खसखस सोडून सगळं

सांगलीहून निघायच्या आधी सासूबाईंनी दोनदा फोन करून विचारलं होतं, "खसखस चालत नाही ना गं तिकडे?" नाही चालत. अमिरातीत खसखस अमली पदार्थांत मोडते, मग ती अनारशाला लावलेली का असेना. त्यांनी अनारशांना तीळ लावले, गोडा मसाला खसखस न घालता कुटला, आणि 2021 च्या दिवाळीला, मुंबई विमानतळावर रॅपिड पीसीआरची रांग लावून, आमच्याकडे शारजाला आल्या.

बॅग मी उघडली. भाजणी, मेतकूट, डिंक, हळीव. तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या गुळवेलीच्या काड्या आणि रबर बांधलेली एक प्लास्टिकची पिशवी. पिशवीत करड्या रंगाचं चूर्ण, वर बॉलपेननं लिहिलेलं : सकाळ-संध्याकाळ, कोमट पाणी. बाकी काही नाही. नाव नाही, तारीख नाही. खसखशीची इतकी चौकशी झाली, या पिशवीबद्दल मला किंवा त्यांना एकही प्रश्न पडला नाही.

चूर्ण माझ्यासाठी होतं. त्याच वर्षी जूनपासून माझी सकाळी मूठ वळेना. कुकरचं झाकण लागेना, लाटणं धरलं की मनगटातून कळ जायची. मुलीच्या वेण्या घालायचं काम नवऱ्याकडे गेलं आणि तिची रोज शाळेची बस चुकायची वेळ यायला लागली. आधी वाटलं, घरून काम करताना लॅपटॉपवर वाकून बसल्याचा परिणाम. ऑगस्टमध्ये रक्त तपासलं, अँटी-सीसीपी चांगलीच वाढलेली निघाली. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट सुरू केलं. अडीच मिलिग्रॅमच्या सहा पिवळ्या गोळ्या, आठवड्यातून एकदाच. "रोज नाही," हे त्यांनी इतक्या वेळा बजावलं की मला हसू आलं. नंतर कळलं की चुकून रोज घेऊन माणसं दगावली आहेत. मी गुरुवार रात्र धरली, कारण दुसऱ्या दिवशी मळमळ व्हायची आणि शुक्रवारी सुट्टी असायची. फॉलिक अॅसिडची गोळी वेगळ्या दिवशी. दर महिन्याला लिव्हरची आणि पेशींची तपासणी.

फोनवर सगळं ऐकून सासूबाई म्हणाल्या होत्या, "हा आमवात आहे." तेव्हा मला तो गावाकडचा शब्द वाटला. पण माधवनिदानात आमवात हा वेगळा रोग म्हणून वर्णन केलेला आहे, आणि तो ग्रंथ बाराशे-तेराशे वर्षांपूर्वीचा. शब्द त्यांनी बरोबर वापरला होता. ओळखीच्या वैद्यांना त्यांनी फोनवरच सांगितलं, वैद्यांनी पेशंट न बघताच चूर्ण दिलं. माझा राग आहे तो या 'न बघता'वर, आयुर्वेदावर नाही.

तर मी रोज सकाळी गुळवेलीचा काढा आणि दोन वेळा चूर्ण घेऊ लागले. कोविडच्या काळात गुळवेल घरोघरी होती, आयुष मंत्रालयही गुडुची, म्हणजे हीच गुळवेल, सांगत होतं. चहासारखी गोष्ट झाली होती ती. पहिले पंधरा दिवस बरंही वाटलं. का वाटलं कोण जाणे. मेथोट्रेक्सेटला गुण दाखवायला सहा ते बारा आठवडे लागतात, तेही तेव्हा भरत आले होते. श्रेय अर्थात काढ्याला गेलं. सासूबाईंनी सांगलीला फोन करून ते कळवलंही.

डिसेंबरच्या मध्याला रिपोर्ट आला. एएलटी, लिव्हरचं एंझाइम, 142. चाळिसाच्या आत हवं. महिनाभर मला मळमळ होत होती, पण मी ती गुरुवारच्या गोळ्यांच्या नावावर टाकत होते.

आमचे डॉक्टर इजिप्तचे. आवाज कधी चढत नाही. स्क्रीनकडे बघत विचारलं, दारू? नाही. पेनकिलर? कधीतरी. दुसरं काही औषध, हर्बल वगैरे? मी म्हटलं, नाही.

हे 'नाही' म्हणताना मी खोटं बोलले नव्हते. आजही शपथेवर सांगेन. औषध म्हणजे जे फार्मसीतून मिळतं, ज्याला स्ट्रिप असते. काढा हा काढा असतो. घरात आईनं दिलेली वस्तू डॉक्टरांसमोर औषध म्हणून मोजायची असते, हे डोक्यातच नव्हतं. डॉक्टर काही क्षण थांबले आणि म्हणाले, "माझी आई मला रोज हब्बत अल-बरका खायला लावते. तुमची आई काय देते?" हब्बत अल-बरका म्हणजे आपली कलौंजी. प्रश्न असा आला तेव्हा माझ्या तोंडून भडाभडा सगळं बाहेर पडलं. काढा, चूर्ण, रात्रीचं हळदीचं दूध, सगळं.

ते रागावले नाहीत. मेथोट्रेक्सेट थांबवलं, काढा आणि चूर्णही थांबवलं, थोडे दिवस कमी डोसचं स्टेरॉइड दिलं. रक्तात शिसं आहे का तेही तपासायला लावलं. लिव्हर कशानं बिघडलं, असं मी विचारलं तर म्हणाले, मेथोट्रेक्सेट एकट्यानंही हे करू शकतं. दोन्ही एकाच वेळी चालू असताना मी एकाकडे बोट कसं दाखवू? मला तेव्हा स्पष्ट उत्तर हवं होतं. आता वाटतं, ते उत्तर त्यांनी दिलं असतं तर मी एका बाजूची झाले असते आणि मोकळी झाले असते.

घरी येऊन मी वाचत बसले. त्याच वर्षी मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या लिव्हरबद्दल शोधनिबंध छापला होता. आयुष मंत्रालयाला तो मान्य नव्हता, गुळवेलीच्या जागी दुसरीच वेल घेतली गेली असेल असं त्यांचं म्हणणं. 2004 मधला बोस्टनचा अभ्यासही सापडला. तिथल्या दुकानांतून घेतलेल्या 70 आयुर्वेदिक औषधांपैकी 14 मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं होतं. आपल्याकडे रसौषधींत धातू मुद्दाम घालतात, आरोग्यवर्धिनीत पाऱ्याची कज्जली असते, ताम्रभस्म असतं. ते शोधन-मारण करून वापरतात असं शास्त्र सांगतं. माझ्या करड्या पिशवीत कोणी काय आणि कसं केलं होतं, ते त्या बॉलपेनच्या अक्षरांवरून कळायला मार्ग नव्हता. माझं शिसं नॉर्मल आलं, एवढं खरं.

सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. मग रडल्या. मग म्हणाल्या, "इथे वैद्य नाहीत का गं? आपण त्यांनाच विचारू."

आहेत की. दुबईच्या करामात आणि बर दुबईत आयुर्वेदाची क्लिनिकं आहेत, आणि ती कुणालाही पाटी लावून काढता येत नाहीत. आयुर्वेद, होमिओपॅथी, युनानी, चिनी अॅक्युपंक्चर, हिजामा, या सगळ्यांना इथे सरकारी परवाना लागतो, दुबईत तो दुबई हेल्थ ऑथॉरिटी देते. अबू धाबीत नव्वदच्या दशकात वनौषधींच्या संशोधनासाठी अमिरातीचे पहिले राष्ट्राध्यक्ष शेख झायेद यांच्या नावानं केंद्रही काढलेलं आहे. करामातल्या ज्या वैद्याबाईंकडे गेलो, त्यांच्या टेबलामागे परवाना फ्रेम करून लावलेला होता. इन्शुरन्स मात्र लागू नव्हता, 150 दिरहम रोख दिले.

त्या केरळच्या. हिंदी मोडकं, पण हात पक्का. आधी माझे सगळे रिपोर्ट मागितले. मग सासूबाईंनी पर्समधून पिशवी काढली. बाईंनी ती हातात घेतली, उजेडात धरली, वास घेतला, रबर पुन्हा बांधलं आणि परत दिली. "अम्मा, यावर नाव नाही. ज्याला नाव नाही ते मी कुणाला देत नाही." सासूबाईंनी मान डोलावली. हेच मी सांगितलं असतं तर आठवडाभर घरात तापमान उतरलं नसतं.

पोटात घ्यायचं त्यांनी काहीच दिलं नाही. लिव्हर शांत होईपर्यंत नाही, आणि नंतरही तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, असं म्हणाल्या. मी तेलाच्या मालिशची आशा धरून गेले होते, तर त्यांनी तेलालाही नकार दिला. आमवातात सुरुवातीला तेल नाही, कोरडा शेक. वाळूचा. वालुका स्वेद. सुजून गरम झालेल्या सांध्यावर तोही नको. आमच्या डॉक्टरांसाठी इंग्रजीत अर्धं पान लिहून दिलं, काय देत आहे आणि काय देत नाही. डॉक्टरांनी ते वाचलं, "आखडलेपणाला गरम शेक चालेल" म्हणाले आणि कागद स्कॅन करून फाईलला लावायला नर्सकडे दिला.

वाळवंटात राहून वाळू शोधायची वेळ आमच्यावर आली. अखेर मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी मलीहाच्या वाळवंटातून आणलेली लालसर वाळू बरणीत सापडली. सासूबाईंनी ती सात पाण्यांनी धुतली, बाल्कनीत वाळवली आणि लोखंडी कढईत भाजायला घेतली. पहिल्या दिवशी जुन्या पंचाच्या फडक्यात पुरचुंडी बांधली, तर वाळू पिठासारखी बारीक, विणीतून गळून गादीभर झाली. आपल्या नदीची वाळू अशी गळत नाही, असं त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सुती साडीच्या चार घड्या घातल्या. पुरचुंडी आधी स्वतःच्या गालाला लावून बघायच्या, मग माझ्या बोटांच्या पेरांवर एकेक करून टेकवायच्या. दहा मिनिटं. त्यानंतर मला चहाचा कप एका हातानं उचलता यायचा. आजार त्यानं हटत नाही, सांधे झिजायचे थांबत नाहीत. सकाळचे दोन तास सुसह्य होतात.

मधेच ऑफिसातल्या एका मैत्रिणीनं हिजामा, म्हणजे कातडीला चिरा देऊन रक्त ओढून काढणं, सुचवला. चांद्रमासाच्या सतरा, एकोणीस, एकवीस या तारखा त्याला उत्तम मानतात, तिनं दिवससुद्धा काढून दिला होता. सासूबाईंना कळलं तेव्हा त्या उडाल्याच, "अगं, ही तर तुंबडी! आमच्या लहानपणी वैदू दारावर येऊन लावायचे." हिजामाच्या सेंटरवरच्या बाईंनी फोनवर औषधांची यादी विचारली आणि डॉक्टरांची चिठ्ठी मागितली. डॉक्टर नाही म्हणाले : प्रतिकारशक्ती दाबणारं औषध पुन्हा सुरू करायचं आहे, कातडीवर चिरा नकोत. मैत्रीण थोडी हिरमुसली.

1 जानेवारी 2022 पासून माझ्या ऑफिसची सुट्टी शुक्रवार-शनिवारची शनिवार-रविवार झाली. महिनाअखेर एएलटी 36 वर आलं आणि मेथोट्रेक्सेट पुन्हा सुरू झालं, सहाच्या जागी चार गोळ्या. माझा गुरुवार आता शुक्रवार झाला. त्या भेटीला सासूबाई हट्टानं बरोबर आल्या, दोन दिवसांनी त्यांचं परतीचं विमान होतं. डॉक्टरांनी माझ्याकडे न बघता थेट त्यांच्याकडे बघून विचारलं, आणि काय काय देता? मी भाषांतर करत होते. सासूबाईंनी बोटांवर मोजत सांगितलं : हळदीचं दूध बंद केलंय, काढा नाही, वाळूचा शेक रोज, मेथीचे लाडू एकेक, त्यात डिंक.

"डिंक?" केरळची नर्स टाइप करता करता थांबली. "स्पेलिंग?"

सासूबाईंनी पर्स उघडली. खाली डब्यात उरलेले दोन लाडू होते. त्यातला एक तिच्या टेबलावर ठेवला आणि मला म्हणाल्या, "सांग तिला, यात खसखस नाही म्हणावं."